पावले मोजणारे यंत्र: कमरेला, मनगटावर की खिशात?

अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातल्या संशोधकांनी वीस जणांना एक साधे काम दिले. कमरेच्या डाव्या बाजूला एक ठरलेले पेडोमीटर लावायचे, उजव्या बाजूला दुसऱ्या कंपनीचे लावायचे आणि दिवस नेहमीसारखा घालवायचा. अशी तेरा मॉडेल आळीपाळीने तपासली गेली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाय तेच, दिवस तोच. तरी डाव्या यंत्राच्या तुलनेत एखादे मॉडेल सरासरी २५ टक्के कमी पावले दाखवत होते, तर एखादे ४५ टक्के जास्त. म्हणजे डावे यंत्र दहा हजार म्हणत असताना उजवे साडेसात हजार म्हणणार, नाहीतर साडेचौदा हजार.

त्यानंतर यंत्रे खूप सुधारली. पण आजही घरातल्या दोघांनी एकत्र फेरी मारली आणि परत येऊन आकडे ताडून पाहिले, तर ते जुळत नाहीत. मग खरे कोणाचे, यावर वाद होतो. असा वाद झाला की मला नेहमी एकच विचारावेसे वाटते: यंत्र कुठे लावले होते, आणि तुम्ही किती वेगाने चालत होता? पेडोमीटर विकत घेताना किंमत, रंग, पडदा, ॲप या सगळ्याआधी याच दोन प्रश्नांची उत्तरे हवीत. ती का हवीत, हे कळण्यासाठी यंत्राच्या पोटात काय चालते ते थोडे पाहावे लागेल.

यंत्राला पाऊल दिसत नाही

पेडोमीटरला तुमचे पाऊल दिसत नाही. त्याला फक्त हिसका कळतो. टाच जमिनीवर टेकते तेव्हा शरीर किंचित खाली जाऊन वर येते. कमरेशी हा वर-खाली होणारा झोका स्पष्ट असतो. तो ओळखायचा आणि मोजायचा, एवढेच त्याचे काम.

जुन्या पद्धतीच्या यंत्रात स्प्रिंगवर तोललेली एक आडवी दांडी असते. कंबर वर-खाली झाली की दांडी हलते, एका संपर्कबिंदूला टेकते आणि आकडा एकने वाढतो. जपानच्या यामॅक्स कंपनीचे डिजिवॉकर एसडब्ल्यू-२०० हे या जातीतले सर्वांत नावाजलेले यंत्र. वरच्या प्रयोगात डाव्या कमरेला तेच होते. अशा यंत्रात हिसका किती मोठा असला म्हणजे पाऊल धरायचे, याची एक मर्यादा ठरलेली असते. डिजिवॉकरमध्ये ती गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.३५ पट आहे. हिसका त्याहून लहान असला तर पाऊल मोजले जात नाही. ही दांडी उभ्या दिशेने हलावी लागते, म्हणून यंत्र सरळ उभे राहणे गरजेचे असते. पोट थोडे पुढे असलेल्या माणसाने ते पट्ट्याला लावले की ते पुढे कलते, दांडीची दिशा बदलते आणि पावले गळतात. वजन जास्त असलेल्या लोकांवर झालेल्या चाचण्यांत हे स्पष्ट दिसले आहे.

पुढची पिढी पिझो स्फटिकाची. स्फटिकावर ताण आला की त्यातून सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. हिसक्यांची ही विद्युत लाट यंत्र वाचते आणि तिच्यातले चढउतार मोजते. कलण्याचा त्रास इथे बराच कमी.

आज फोनमध्ये, फिटनेस बँडमध्ये आणि बहुतेक नव्या क्लिपवाल्या पेडोमीटरमध्ये असतो तो तीन दिशांचा त्वरणमापक, म्हणजे ॲक्सलरोमीटर. सिलिकॉनच्या चिपमध्ये सूक्ष्म दातेरी पट्ट्या एकमेकींत गुंतवून ठेवलेल्या असतात. चिप हलली की त्यांच्यातले अंतर बदलते, त्याबरोबर त्यांची विद्युत धारकता बदलते, आणि त्यावरून कोणत्या दिशेला किती हिसका बसला हे कळते. तिन्ही दिशा मोजल्या जात असल्याने यंत्र उभे असो, आडवे असो की पिशवीच्या तळाशी पडलेले असो, हिसका सापडतो.

सेन्सर सुधारला म्हणून प्रश्न मिटला नाही. नुसता हिसका म्हणजे पाऊल नव्हे. रिक्षा खड्ड्यातून गेली, कोणी खुर्चीत पाय हलवत बसले, फोन टेबलावरून उचलला, तरी हिसका बसतोच. म्हणून आतला संगणकीय कार्यक्रम ताल शोधतो. ठरावीक अंतराने, साधारण सेकंदाला एक ते तीन अशा गतीने, हिसके एकामागून एक येत असतील तरच ते चालणे मानायचे. हा ताल पक्का होईपर्यंत यंत्र वाट पाहते. ओम्रॉन कंपनीच्या अनेक पेडोमीटरमध्ये ही वाट चार सेकंदांची असते: चार सेकंदांपेक्षा जास्त चाललात तर पहिल्या पावलांसकट सगळी पावले धरली जातात, त्याआधी थांबलात तर ती सोडून दिली जातात.

चार सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण आपल्याकडच्या घरांचा विचार करा. ओट्यापासून फ्रिजपर्यंत तीन पावले, फ्रिजपासून जेवणाच्या टेबलापर्यंत चार, तिथून दारापर्यंत पाच. सकाळपासून रात्रीपर्यंत स्वयंपाकघरात उभी असलेली बाई दिवसभर चालते, पण असे तुकड्यातुकड्यांत. तिच्या चालण्याचा बराच भाग या चाळणीतून खाली पडून जातो. रात्री यंत्रावर दोन हजार दिसले म्हणून कोणी तिला ‘दिवसभर घरातच तर असतेस’ म्हटले, तर तो तिच्यावर अन्याय आहे. यंत्र बागेतली सलग फेरी चांगली मोजते. घरातल्या हालचालीसाठी ते बनवलेलेच नाही.

हळू चालणाऱ्यांचे काय

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हाच. पेडोमीटर बऱ्याचदा भेट म्हणून घेतले जाते. मुलगा आईला देतो, सून सासऱ्यांना देते. डॉक्टरांनी चालायला सांगितलेले असते, गुडघे दुखत असतात, चाल मंदावलेली असते. आणि नेमक्या अशाच माणसाची पावले यंत्र सर्वांत जास्त चुकवते.

कारण आता लक्षात आले असेल. हळू चालताना टाच हलकेच टेकते, पाय पुरता उचलला जात नाही, हिसका लहान पडतो. प्रयोगशाळेत चालत्या पट्ट्यावर घेतलेल्या चाचण्यांत ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चांगली पेडोमीटर जवळपास अचूक निघतात. वेग ताशी सव्वातीन किलोमीटरपर्यंत उतरला की स्प्रिंगची यंत्रे बरीच पावले गाळू लागतात. पिझो आणि त्वरणमापकाची यंत्रे या वेगाला अधिक टिकतात, पण वेग आणखी उतरला, पाय घासत चालणे सुरू झाले, की तीही चाचपडतात.

म्हणून सत्तरीच्या पुढच्या माणसासाठी घेत असाल तर स्प्रिंगचे स्वस्त यंत्र घेऊ नका. ते खाली-वर हलवले की आत बारीक ‘टिक टिक’ ऐकू येते किंवा हाताला जाणवते; बहुतेक वेळा त्यावरून ओळख पटते. खोक्यावर ‘थ्री-डी’ किंवा ‘ट्राय-ॲक्सिस’ सेन्सर असे लिहिले आहे का ते पाहा.

जागाही बदलता येते. पाय हलतो तेव्हा सर्वांत मोठी हालचाल घोट्याशी असते. कमरेपाशी न जाणवणारे मंद पाऊलही घोट्याशी जाणवते. संशोधनात आणि पुनर्वसन केंद्रांत वापरले जाणारे स्टेपवॉच हे यंत्र याच कारणासाठी घोट्याला बांधतात. हळू चालणाऱ्यांवरच्या चाचण्यांत फिटबिटचे छोटे क्लिपवाले मॉडेल कमरेऐवजी घोट्याला लावल्यावर जास्त अचूक निघाल्याचेही दिसले आहे. त्वरणमापक असलेले छोटे यंत्र घरी मोज्याच्या काठाला लावून पाहण्यासारखे आहे. मात्र आधी चाचणी घ्या. ती कशी घ्यायची ते पुढे येतेच.

मनगट, खिसा आणि साडी

फिटनेस बँड मनगटावर असतो, आणि मनगट चालत नाही. ते पायांच्या तालात झुलते, त्यावरून बँड अंदाज बांधतो. हात मोकळे सोडून चालणाऱ्याचा अंदाज बरोबर निघतो. पण दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या, बाबागाडी ढकलत असलात, एका हातात छत्री नि दुसऱ्या हातात नातवाचा हात असला, फोन कानाला लावला असला, की मनगट स्थिर राहते आणि पावले निसटतात. वॉकर धरून चालणाऱ्या माणसाच्या मनगटावरचा बँड तर जवळपास आंधळाच होतो.

उलटही होते. पाय जागेवर असताना हात तालात हलत असेल, तर बँड पावले टाकत राहतो. कणीक मळणे, पोळ्या लाटणे, झाडू मारणे, भजनात टाळ वाजवणे ही सगळी तालबद्ध कामे आहेत. यातली किती पावले म्हणून मोजली जातील हे त्या त्या बँडवर अवलंबून असते. खराब रस्त्यावरून दुचाकी चालवतानाही असाच प्रकार घडतो.

२०१५ साली अमेरिकेच्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी तुलना आली होती. चौदा निरोगी तरुण मंडळींना चालत्या पट्ट्यावर ५०० आणि १५०० पावले चालवले. कमरेच्या पेडोमीटरचा आणि त्वरणमापकाचा आकडा खऱ्या पावलांच्या अगदी जवळ होता, एक टक्क्याच्या आत. पँटच्या खिशातल्या फोनची ॲप सुमारे सात टक्के कमी ते सहा टक्के जास्त या पट्ट्यात होती. मनगटावरच्या यंत्रांत तफावत सर्वांत मोठी होती. त्यातले सर्वांत वाईट जवळजवळ २३ टक्के कमी मोजत होते. तेव्हापासून बँड बरेच सुधारले आहेत, शिवाय हा प्रयोग लहान होता. पण एक गोष्ट आजही लागू आहे: खिशातला फोन, ज्यासाठी वेगळा रुपयाही खर्च करावा लागत नाही, तो पावले मोजण्यात महागड्या बँडपेक्षा कमी असेलच असे नाही.

फोनमध्ये ही सोय २०१३ सालापासून रुजली. त्या वर्षी आलेल्या आयफोन ५एसमध्ये हालचाल टिपणारी वेगळी चिप होती, आणि त्याच वर्षीच्या अँड्रॉइड ४.४ मध्ये पावले मोजण्याची सोय थेट प्रणालीत आली. ही चिप अगदी थोड्या विजेवर सतत चालू राहते, त्यामुळे ॲप उघडे ठेवावे लागत नाही. अडचण एकच: फोन अंगावर हवा. टेबलावर चार्जिंगला लावलेला फोन काहीच मोजत नाही.

आणि इथे कपड्यांचा प्रश्न येतो. २०१७ साली ‘नेचर’मध्ये फोनमधल्या नोंदींवर आधारलेला मोठा अभ्यास आला. १११ देशांतल्या सात लाखांहून जास्त लोकांची नोंद त्यात होती. सगळ्यांची सरासरी दिवसाला ४,९६१ पावले, भारताची ४,२९७. ‘भारतीय आळशी’ अशा मथळ्यांची तेव्हा रेलचेल झाली. पण ही पावले फोनने मोजलेली होती, म्हणजे ज्या वेळी फोन अंगावर होता तेवढ्या वेळची. साडीला खिसा नसतो. बहुतेक पंजाबी ड्रेसलाही नसतो, असला तरी त्यात फोन मावत नाही. घरात बाईचा फोन कपाटावर, ओट्याच्या कोपऱ्यात किंवा पर्समध्ये असतो. अशा आकड्यांवरून बायकांच्या चालण्याचा निवाडा करताना हे डोळ्यांआड करता कामा नये.

साडी नेसणाऱ्या बाईला मी तरी क्लिपचे छोटे यंत्र सुचवीन. ते परकराच्या नाडीवर, कमरेच्या हाडाच्या जरा पुढे, घट्ट बसवावे. नाडी सैल असेल तर यंत्र डोलते आणि मोजणी बिघडते. सलवारीच्या नाडीलाही तेच. झब्ब्याच्या खोल, सैल खिशात यंत्र लंबकासारखे झुलते. त्यापेक्षा लेंग्याच्या कमरेला लावलेले बरे. गळ्यात दोरीने अडकवायचे असेल तर तीन दिशांचा सेन्सर असलेलेच घ्या, स्प्रिंगचे तिथे कुचकामी आहे. उजवी-डावी बाजू, नाडी की पट्टा, जे एकदा ठरवाल तेच रोज ठेवा. जागा बदलली की आकडाही बदलतो, आणि मग आपण जास्त चाललो की यंत्र नुसते सरकले हे कळत नाही.

किलोमीटर आणि कॅलरी

पावलांचा आकडा तरी मोजलेला असतो. किलोमीटर हा त्यावर केलेला गुणाकार असतो: पावले गुणिले एका पावलाची लांबी. ही लांबी यंत्र बहुतेक वेळा तुमच्या उंचीवरून गृहीत धरते, उंचीच्या साधारण ४१ टक्के. दीड मीटरहून थोडी जास्त, म्हणजे १५५ सेंटीमीटर उंची असेल तर पाऊल सुमारे ६४ सेंटीमीटरचे. आठ हजार पावलांचे झाले पाच किलोमीटरहून थोडे जास्त. पण गुडघेदुखीमुळे तुमचे पाऊल ५२ सेंटीमीटरचेच पडत असेल, तर प्रत्यक्षात तुम्ही सव्वाचार किलोमीटरच्याही आत आहात.

हा गुणाकार फार जुना आहे आणि तो नीट केला तर किती काम देतो याचे एक उदाहरण मला इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकोणिसाव्या शतकात हिमालयापलीकडचा प्रदेश ब्रिटिशांच्या भारतीय सर्वेक्षण विभागाला मोजायचा होता आणि तिबेटात परक्यांना बंदी होती. कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातले नैनसिंह रावत यांना त्यासाठी डेहराडूनला तयार करण्यात आले. चढ असो, उतार असो, पाऊल ठरावीक लांबीचेच पडले पाहिजे, मैलाला सुमारे दोन हजार, असा सराव त्यांनी केला. हातात जपमाळ होती, पण १०८ मण्यांऐवजी १०० मण्यांची. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. असे मोजत ते १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले, आणि त्यांच्या नोंदींवरून नकाशे तयार झाले. यंत्र नव्हते, पण पावलाची लांबी पक्की होती. आपल्याकडे उलटे आहे: यंत्र पक्के आहे, पाऊल मात्र गृहीत धरलेले.

ते दुरुस्त करणे सोपे आहे. लांबी ठाऊक असलेल्या वाटेवर नेहमीच्या चालीने चाला, पावले मोजा आणि भागाकार करा. धावण्याच्या मैदानावरच्या सर्वांत आतल्या मार्गिकेची फेरी ४०० मीटरची असते. दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी सुमारे १.१७ किलोमीटरची आहे. तिथे १९०० पावले पडली तर तुमचे पाऊल साधारण ६१-६२ सेंटीमीटरचे. तो आकडा यंत्रात भरा. भरताना एक खबरदारी घ्या: ‘स्ट्राइड’ या नावाखाली काही यंत्रे एका पावलाची लांबी मागतात, काही उजवा पाय ते पुन्हा उजवा पाय, म्हणजे दोन पावलांची. माहितीपत्रक न वाचता भरलेत तर अंतर दुप्पट किंवा निम्मे होऊन बसेल.

कॅलरीच्या आकड्याकडे मात्र सरळ दुर्लक्ष करा. त्यात वजन, वय, वेग यांचे अंदाज एकावर एक चढवलेले असतात. काही यंत्रे नुसते बसून राहिले तरी शरीर जी ऊर्जा खर्च करते तीही त्यात धरतात, काही धरत नाहीत. ‘तीनशे कॅलरी गेल्या’ म्हणून दोन वडे जास्त खाण्याचा हिशेब त्यावर करू नये.

दहा हजार कुठून आले

दहा हजार हा आकडा वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली होती. १९६५ साली तिथल्या यामासा कंपनीने मॅन्पो-केई नावाचे पेडोमीटर बाजारात आणले आणि दिवसाला दहा हजार पावले हे लक्ष्य त्या यंत्राबरोबर लोकांपर्यंत गेले. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता. पुढे जगभरच्या बँडमध्ये आणि ॲपमध्ये तोच बसला.

संशोधन बरेच नंतर झाले. २०१९ मध्ये सुमारे १६,७०० अमेरिकी स्त्रियांवरचा अभ्यास आला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्के कमी दिसले. साधारण ७,५०० पर्यंत फायदा वाढत गेला आणि मग सपाट झाला. २०२२ साली पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा साठीपुढच्यांत हा सपाट टप्पा सहा ते आठ हजारांवर आणि त्याहून तरुणांत आठ ते दहा हजारांवर दिसला. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधल्या मोठ्या आढाव्यात दोन हजारांच्या तुलनेत सात हजार पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४७ टक्के कमी आढळले. हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. आजारी माणूस कमी चालतो, हेही त्या फरकात काही अंशी मिसळलेले असते, आणि संशोधक शक्य तेवढे ते वजा करतात.

चौतीसशेवर असलेल्या आजीला दहा हजारांचे लक्ष्य देणे म्हणजे तिला पहिल्याच आठवड्यात हरवणे. तिचा साडेचार-पाच हजारांकडचा प्रवासच सर्वांत मोलाचा आहे. मला हे आकडे वाचून खरा दिलासा मिळाला तो इथे: सर्वांत मोठा फायदा तळाच्या टप्प्यात आहे, जिथे थोडेच जास्त चालायचे असते.

पण तुलना करताना एक गोष्ट सुटते. २०१९ च्या त्या अभ्यासातले आकडे कमरेला बांधलेल्या, संशोधनासाठीच्या ॲक्टिग्राफ यंत्राचे आहेत. तुमच्या मनगटावरच्या बँडचे सात हजार आणि तिथले सात हजार एकच असतील असे समजू नका. घरचा वजनकाटा अर्धा किलो जास्त दाखवत असला तरी महिन्याभरात वजन उतरले की चढले हे तो बरोबर सांगतो. पेडोमीटरही तसेच वापरायचे. पहिला आठवडा काहीही न बदलता यंत्र लावा, सात दिवसांची सरासरी काढा. तो तुमचा पाया. त्यावर रोज पाचशे ते हजार पावले वाढवा, ते अंगवळणी पडले की पुन्हा थोडी. २००७ साली सव्वीस अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. पेडोमीटर लावणाऱ्यांचे चालणे दिवसाला दोन हजारांहून जास्त पावलांनी वाढल्याचे त्यात दिसले, आणि ज्यांच्यासमोर ठरावीक लक्ष्य होते त्यांच्यात ही वाढ ठळक होती.

वेग पाहायचा असेल तर त्यासाठी यंत्र लागतही नाही. मिनिटाला सुमारे शंभर पावले ही प्रौढ माणसाची मध्यम तीव्रतेची, दमसास वाढवणारी चाल मानली जाते. घड्याळ लावून पंधरा सेकंदांत पंचवीस पावले पडतात का पाहा.

घेण्याआधी आणि घेतल्यावर

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी शंभर पावलांची चाचणी घ्या. यंत्र जिथे रोज लावणार तिथेच लावा, आकडा लिहून ठेवा, मनात मोजत सपाट रस्त्यावर सलग शंभर पावले चाला, थांबा, पाहा. जपानच्या औद्योगिक मानकात शंभराला तीनपर्यंत चूक चालते. नेहमीच्या वेगाला एवढी अचूकता मागायला हरकत नाही. मग हीच चाचणी मुद्दाम हळू चालून घ्या, आणि बँड असेल तर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. यंत्र ज्याच्यासाठी आणले त्यानेच चालायचे; मुलाने ऐटीत चालून चाचणी घेतली तर आईच्या चालीबद्दल काहीच कळत नाही. हळू चालीत शंभरातली वीस-पंचवीस पावले गळत असतील तर जागा बदला, तरी सुधारणा नसेल तर यंत्र परत करा. एसटीने किंवा दुचाकीने प्रवास असेल तर निघताना आणि पोचल्यावर आकडा पाहा. तिथे शेकडो पावले जमा होत असतील तर प्रवासात ते काढून ठेवायचे एवढे कळले.

बाकीच्या गोष्टी सोयीच्या. वयस्कर माणसाला मोठे आकडे, मध्यरात्री आपोआप शून्यावर जाणारी मोजणी आणि निदान सात दिवसांची आठवण पुरते. फोनशी जोडल्याशिवाय चालणारे असले तर फारच चांगले. शून्य करायचे बटण बाहेर उघडे असेल तर बसता-उठता पोटाने दाबले जाते आणि दिवसाची मोजणी जाते. झाकण असलेले घ्या. बटण सेलचे यंत्र महिनोन् महिने चालते, बँड दर काही दिवसांनी चार्ज करावा लागतो. तो चार्जिंगला लावलेल्या वेळेतली पावले जातातच.

ॲपचा विचार वेगळा करावा लागतो. साधे क्लिपचे पेडोमीटर कोणालाच काही सांगत नाही. बँड आणि फोनमधली ॲप तुम्ही कधी उठता, किती चालता, कुठे जाता हे कंपनीच्या संगणकावर नेऊन ठेवू शकतात. काही आरोग्य विमा कंपन्या पावलांवर सवलत देतात. ती घेण्याआधी कोणती माहिती किती काळ त्यांच्याकडे राहणार हे विचारून घ्या. शिवाय अशा योजनेत आकडा बहुधा दहा हजारांवर अडकलेला असतो, आणि तो गाठण्यासाठी दुखऱ्या गुडघ्याने रात्री घरात येरझाऱ्या घालणे मला तरी पटत नाही.

थोडक्यात निवड अशी करीन. कामावर जाणारा, पँटच्या खिशात फोन ठेवणारा माणूस असेल तर नवे काही घेऊ नये, फोनच पुरे. हात मोकळे ठेवून बागेत फिरणाऱ्याला बँड चालेल, आणि झोप, नाडीचे ठोके हेही पाहायचे असतील तर तोच बरा. साडी, लेंगा, धोतर नेसणाऱ्यांना, ओझे घेऊन चालणाऱ्यांना आणि फोनशी झटापट नको असणाऱ्यांना कमरेचे, तीन दिशांच्या सेन्सरचे क्लिपवाले यंत्र. पाय उचलून पण हळू चालणाऱ्यांना तेच यंत्र, घोट्याला लावून पाहावे.

वॉकर धरून चालणाऱ्या किंवा पक्षाघातानंतर सावरत असलेल्या माणसाला मात्र बाजारातले साधे पेडोमीटर देऊ नका. त्याने कष्टाने टाकलेली पावले पडद्यावर शून्य दिसली तर त्याचा धीर खचतो. तिथे मिनिटे मोजा किंवा फेऱ्या मोजा. दारापासून खिडकीपर्यंत एक फेरी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या चौकटीत तेवढ्या रेघा, आणि उद्या किती वाढवायच्या ते फिजिओथेरपिस्टला विचारून.